परदेशात नोकरी, मायदेशात खाते : निघण्यापूर्वी बँकेत काय करावे?

बंगळुरू : परदेशात नोकरी स्वीकारून निघणाऱ्याच्या तयारीच्या यादीत बँकेचा क्रमांक बहुधा शेवटचा असतो. तो येतो तेव्हाही विचार होतो तो नव्या देशात कोणते खाते उघडावे याचाच. प्रत्यक्षात पुढे सर्वाधिक त्रास होतो तो मागे राहिलेल्या खात्याचा. व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीतील पहिल्या नोकरीच्या वेळी कंपनीने उघडून दिलेले पगार खाते, त्याला जोडलेला गृहकर्जाचा हप्ता, म्युच्युअल फंडाची मासिक गुंतवणूक आणि आईवडिलांच्या औषधांचा खर्च, असा सारा संसार त्या एका खात्यावर उभा असतो. खातेदार नोकरीसाठी देश सोडतो, त्या दिवसापासून मात्र ते खाते जसेच्या तसे चालू ठेवण्याची मुभा कायद्याने उरत नाही.

१ जून २००० पासून लागू असलेल्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात, म्हणजेच ‘फेमा’त, याचे मूळ आहे. या कायद्यानुसार कोण निवासी आणि कोण अनिवासी हे ठरविताना देशातील मुक्कामाचे दिवस पाहिले जातात, पण त्याहून अधिक महत्त्व जाण्याच्या हेतूला आहे. नोकरी किंवा व्यवसायासाठी, अथवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने देशाबाहेर गेलेली व्यक्ती अनिवासी ठरते. दोन आठवड्यांच्या बैठकीसाठी गेलेला कर्मचारी तसा ठरत नाही. शिक्षणासाठी परदेशी गेलेले विद्यार्थीही या कायद्यापुरते अनिवासी होत, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्ये स्पष्ट केले. ‘मुलगा तर शिकायला गेला आहे, त्याला कसले अनिवासी खाते,’ हा पालकांमधील समज त्यामुळे चुकीचा आहे.

आयकराची मोजपट्टी निराळी आहे. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या भारतीय नागरिकाचा त्या आर्थिक वर्षातील भारतातील मुक्काम १८२ दिवसांचा झाला असेल, तर त्या वर्षापुरता तो करदाता म्हणून निवासीच राहतो. नोव्हेंबरात बंगळुरूहून निघालेला अभियंता बँकेच्या दृष्टीने विमानात बसला त्या दिवशी अनिवासी होतो, आयकर खात्याच्या दृष्टीने मात्र येत्या मार्चअखेरपर्यंत निवासी असतो आणि त्या काळातील परदेशी पगारही त्याच्या भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागतो. एकाच माणसाला एकाच वेळी दोन ओळखी असू शकतात, हे लक्षात न घेतल्याने होणारा गोंधळ मोठा आहे. निघण्याची तारीख आपल्या हाती असेल, तर ती सप्टेंबरअखेरच्या अलीकडे की पलीकडे हा प्रश्न सनदी लेखापालाला आधी विचारणे हिताचे.

अनिवासी झालेल्या खातेदाराचे जुने बचत खाते ‘एनआरओ’ म्हणजे अनिवासी सामान्य खात्यात रूपांतरित होते. हे बँक आपणहून करीत नाही. कळविण्याची जबाबदारी खातेदाराची असते. घरभाडे, लाभांश, जुन्या मुदत ठेवींचे व्याज, विकलेल्या फ्लॅटचे पैसे अशी भारतात निर्माण झालेली रक्कम या खात्यात येते. खाते रुपयांतच असते. व्याजावर ३० टक्के दराने, उपकर धरून ३१.२ टक्के, आणि उत्पन्न मोठे असल्यास अधिभारासह, उगमस्थानीच करकपात होते. राहत्या देशाशी भारताचा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असेल आणि तेथील करनिवासाचे प्रमाणपत्र बँकेला दिले, तर बहुतेक देशांच्या बाबतीत हा दर खाली येतो.

‘एनआरई’ म्हणजे अनिवासी बाह्य खाते परदेशातील कमाईसाठी आहे. तेही रुपयांत असते, पण त्यातील मुद्दल व व्याज कोणत्याही मर्यादेशिवाय परत परदेशात नेता येते आणि खातेदार ‘फेमा’नुसार अनिवासी असेपर्यंत त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते. येथील मुदत ठेव किमान एक वर्षाची असावी लागते. त्याआधी मोडल्यास व्याज मिळत नाही.

फरक किती पडतो हे एका साध्या हिशेबावरून दिसते. दहा लाखांच्या ठेवीवर ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाला ७० हजार रुपये मिळतात. ठेव ‘एनआरई’ असेल तर ते पूर्ण हाती येतात. तीच रक्कम केवळ सवयीने जुन्या, आता ‘एनआरओ’ झालेल्या खात्यावर पाठवून तेथे ठेव केली, तर २१ हजार ८४० रुपये आधीच कापले जातात. विवरणपत्र भरून त्यातील काही भाग परत मागता येतो, पण त्यासाठी वर्षभर थांबावे लागते. परदेशी पगारातून घरी पैसे पाठविणाऱ्यांच्या बाबतीत सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक ती हीच.

‘एनआरओ’मधील पैसा बाहेर नेण्याचा मार्ग बंद नाही. भाडे, लाभांश, निवृत्तिवेतन यांसारखे चालू उत्पन्न कर भरल्यानंतर मर्यादेविना पाठविता येते. घर विकल्याचे किंवा वारशाचे पैसे असतील, तर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात. त्यासाठी कर भरल्याचा पुरावा आणि सहसा सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. याउलट निवासी असेपर्यंत दार वेगळे असते. उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर पाठविता येतात, आणि एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांपुढील रकमेवर बँक कर गोळा करते. शैक्षणिक कर्जातून भरलेल्या शुल्काला त्यातून सूट आहे. म्हणून घरभाड्याची अनामत व पहिल्या दोन-तीन महिन्यांचा खर्च यांसाठीची रक्कम निघण्यापूर्वीच पाठविणे सोपे जाते.

तिसरा प्रकार ‘एफसीएनआर’ ठेवींचा. डॉलर, पौंड, युरो यांसारख्या परकीय चलनातच एक ते पाच वर्षांसाठी ही ठेव ठेवता येते. रुपया घसरला किंवा वधारला तरी ठेवीदाराला त्याची झळ लागत नाही. या सुरक्षिततेची किंमत एकेकाळी देशाने मोजली आहे. १९७० मध्ये ‘एनआरई’ आणि १९७५ मध्ये परकीय चलनातील पहिली ठेव योजना सुरू झाली, तेव्हा विनिमय दराची जोखीम रिझर्व्ह बँक उचलीत असे. १९९१ च्या परकीय गंगाजळीच्या संकटात अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेण्यास सुरुवात केली आणि ती जोखीम किती मोठी आहे हे उघड झाले. मे १९९३ मध्ये आलेल्या नव्या योजनेत ती बँकांवर सोपविण्यात आली. आजची योजना तीच. २०१३ मध्ये रुपया कोसळत असताना याच ठेवींच्या आधारे बँकांनी सुमारे २६ अब्ज डॉलर देशात आणले. तेव्हा खिडकीमागचा अधिकारी अनिवासी ग्राहकाशी अधिक अदबीने बोलत असेल, तर त्यामागे निव्वळ सौजन्य नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या व्यक्तिगत रकमांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात येतात. हा वाटा सर्व राज्यांत मोठा आहे, कर्नाटकाचा ७.७ टक्के आहे. पैसा पाठविणाऱ्या देशांत २७.७ टक्क्यांसह अमेरिका पहिली आहे.

आईवडिलांच्या सोयीचा प्रश्न यानंतर येतो, आणि तेथे घाईने चुकीची व्यवस्था केली जाते. ‘एनआरई’ खाते निवासी नातेवाइकासह संयुक्तपणे उघडता येते, पण ‘पहिला किंवा मागे राहणारा’ या पद्धतीनेच. म्हणजे खातेदार हयात असेपर्यंत आई किंवा वडील ते केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे चालवू शकतात. मुखत्याराला येथील देणी भागविता येतात; खातेदाराच्या वतीने कोणाला भेट म्हणून रक्कम देता येत नाही. उलट दिशेची सोय अधिक उपयोगी पडते : आईवडील आपल्या निवासी बचत खात्यात परदेशातील मुलाला किंवा मुलीला ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहणारा’ या पद्धतीने सहखातेदार करून घेऊ शकतात. रात्री-अपरात्री रुग्णालयाचे बिल भरायची वेळ आली, तर हे खाते कामाला येते. त्यात मुलाने आपली परदेशी कमाई किंवा भारतातील भाडे मात्र जमा करू नये.

पैसा कोणत्या बँकेत ठेवावा, याचे उत्तर केवळ व्याजदर पाहून देऊ नये. बंगळुरूच्या बसवनगुडीतील श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना ३५ हजार रुपयांपलीकडे रक्कम काढता येईना. त्यात निवृत्त मंडळी मोठ्या संख्येने होती. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत ही मर्यादा आरंभी अवघी एक हजार रुपये होती. ठेवविम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. हजारो मैलांवरून रांगेत उभे राहता येत नाही. त्यामुळे आईवडिलांसाठीची सारी पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्याचे धाडस करू नये. शिवाय अनिवासी खाती उघडण्याची परवानगी प्रत्येक सहकारी बँकेला नसते.

कागदपत्रांत पासपोर्ट, व्हिसा किंवा कामाचा परवाना, परदेशातील पत्त्याचा पुरावा, पॅन आणि छायाचित्र लागते. शाखेत समक्ष जाऊन मूळ कागद दाखविणे सर्वांत सोपे. निघून गेल्यावर हेच काम करायचे, तर प्रती भारतीय वकिलातीकडून, तेथील नोटरीकडून किंवा भारतीय बँकेच्या परदेशी शाखेतील अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून पाठवाव्या लागतात. काही बँका व्हिसा हाती असलेल्यांचे ‘एनआरई’ खाते निघण्यापूर्वीच उघडून ठेवतात. याची चौकशी अवश्य करावी.

बंगळुरूत जुनी खाती असलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. स्टेट बँक ऑफ म्हैसूर एप्रिल २०१७ मध्ये स्टेट बँकेत, विजया बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदामध्ये आणि सिंडिकेट बँक एप्रिल २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. जुने धनादेश व आयएफएससी क्रमांक त्यामुळे कालबाह्य झाले आहेत. आयुर्विमा, लाभांश किंवा भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत ते तसेच राहिले असतील, तर रक्कम अडकते. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार न केलेले खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. ती परत मिळते, पण खेटे घालावे लागतात.

मोबाइल क्रमांकाचेही तसेच. ओटीपी ज्या सिमवर येतो ते रिचार्जअभावी बंद पडले आणि क्रमांक दुसऱ्याच्या हाती गेला, तर खाते असूनही हाताबाहेर जाते. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती यांसह दहा देशांतील मोबाइल क्रमांक ‘एनआरई’ व ‘एनआरओ’ खात्यांना जोडून यूपीआय वापरण्याची वाट मोकळी केली. परदेशी क्रमांक मिळताच तो बँकेत नोंदविणे उत्तम.

आता नव्या देशाकडे. तेथील अडचण बहुधा एकच असते : पत्त्याशिवाय खाते नाही आणि खात्याशिवाय भाड्याचे घर नाही. ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. नियोक्त्याचे किंवा विद्यापीठाचे पत्र तेथे उपयोगी पडते. युरोपीय महासंघात कायदेशीर वास्तव्य असणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत खाते मिळण्याचा हक्क २०१४ च्या निर्देशाने दिला आहे. जर्मनीस जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी गोठविलेल्या खात्यात वर्षाचा खर्च दाखविता येतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. कॅनडात, क्यूबेक वगळता, एकट्या विद्यार्थ्याला शुल्क व प्रवास सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२५ पासूनचा. स्टेट बँक आणि आयसीआयसीआय यांच्या तेथील उपकंपन्यांत त्यासाठी हमीपात्र ठेव ठेवता येते. आखाती देशांत पगार खाते बहुधा नियोक्त्याच्या मदतीने, निवासी ओळखपत्र मिळाल्यावर उघडते.

अमेरिकेत जाणाऱ्यांनी एक बाब विशेषत्वाने जाणून घ्यावी. ‘एनआरई’चे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत करदाता झालेल्या व्यक्तीला ते तेथील उत्पन्नात धरावे लागते. तसेच अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरच्या पुढे गेली, तर त्याची स्वतंत्र माहिती सरकारला द्यावी लागते. दोन्ही देशांत जुलै २०१५ मध्ये झालेल्या करारामुळे भारतीय बँका अशा खात्यांची माहिती देतातच. लपविण्यातून दंडाखेरीज काही पदरी पडत नाही.

नोकरी सुटून किंवा स्वेच्छेने कायमचे परतल्यास ‘एनआरई’ आणि ‘एनआरओ’ खाती पुन्हा निवासी करून घ्यावी लागतात, आणि ‘एनआरई’च्या व्याजाची करमुक्तताही संपते. ‘एफसीएनआर’ ठेव मात्र ठरलेल्या व्याजदराने मुदत पूर्ण होईपर्यंत चालू राहू शकते. त्यानंतर ती रक्कम रुपयांत बदलून घेण्याची सक्ती नाही. निवासी परकीय चलन खाते उघडून ती डॉलरमध्येच ठेवता येते, आणि पुन्हा बाहेर जाण्याची वेळ आली तर तेथूनच ती वापरता येते.