प्लुटोच्या १९ वर्षं आधी : व्यंकटेश बापूजी केतकर

मी बोलतोय कनेरगाव नाक्यावरून. व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो, तुम्हालाही आला असेल : 'प्लुटोचा शोध एका मराठी मास्तरांनी लावला होता.' खरं की खोटं? आज त्याचाच निकाल लावू.

मास्तर खरे आहेत. व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म १८५४, नरगुंदचा. नोकरी शिक्षण खात्यात, मुक्काम बागलकोटला. तेव्हा हा सगळा भाग मुंबई इलाख्यातच होता. ना वेधशाळा, ना मोठी दुर्बीण. साधन एकच, गणित. पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह जुळत नाहीत, हे त्यांना खटकायचं. म्हणून त्यांनी नव्या पाश्चात्त्य गणितावरून ग्रहांची स्थानं काढायची पद्धत बसवली आणि 'ज्योतिर्गणित' हा ग्रंथ चक्क संस्कृतात लिहिला.

आता मुद्द्याचं. गुरूचे आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे तीन चंद्र एका तालात फिरतात. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. हा ताल लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने उलगडला होता. केतकरांना वाटलं, असाच ताल युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्या पलीकडच्या ग्रहांतही असेल. १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला. त्यात दोन न दिसलेले ग्रह होते, ब्रह्मा आणि विष्णू.

ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर त्यांनी दिलं ३८.९५ खगोलीय एकक. एक एकक म्हणजे साधारण १५ कोटी किलोमीटर. सूर्याभोवती एक फेरी २४२.२८ वर्षांची. मग १९३० मध्ये प्लुटो सापडला. त्याचं सरासरी अंतर ३९.४८, फेरी सुमारे २४८ वर्षांची. अंगावर काटा येतो ना?

पण थांबा. केतकरांनी अंतर सांगितलं, काळ सांगितला. आकाशात नेमकं कुठे बघायचं, ते नाही सांगितलं. १८४६ मध्ये ल व्हेरियेने नेपच्यूनची जागा काढून दिली होती, म्हणून बर्लिनच्या गॅलेला तो पहिल्याच रात्री सापडला. शिवाय विष्णू आजवर सापडलेला नाही. तालाचा अंदाजही बरोबर नव्हता, प्लुटोचा खरा ताल फक्त नेपच्यूनशी आहे : नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लुटोच्या दोन.

म्हणून माझा निकाल असा : शोध क्लाईड टॉम्बॉचाच. तोही शेतकऱ्याचा पोरगा, घरी दुर्बिणी बनवणारा हौशी. पुढे लॉवेल वेधशाळेत नोकरीला लागला आणि काही रात्रींच्या अंतराने काढलेले फोटो आलटून पालटून बघत बसला. तारे जागेवर, एक ठिपका मात्र सरकलेला. तोच प्लुटो. केतकरांचं श्रेय वेगळं आहे. पंचांग सुधारता सुधारता एका मास्तरांनी नेपच्यूनपलीकडे बघायची हिंमत केली आणि अंदाज जगापुढे तपासायला ठेवला. त्यांना खोटा मुकुट घातला, तर खरं काम झाकलं जातं.

प्लुटो सापडला त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये केतकर गेले. २००६ मध्ये प्लुटोचं ग्रहपद गेलं आणि लघुग्रहांच्या यादीत त्याला नंबर मिळाला, १३४३४०.

त्या यादीत भर घालायला आज तुम्हीही हात लावू शकता. 'इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन' हा उपक्रम शाळा-कॉलेजच्या गटांना दुर्बिणींचे फोटो फुकट देतो. काम टॉम्बॉचंच : सरकणारा ठिपका शोधायचा. फक्त लगेच 'मी लघुग्रह शोधला' असं स्टेटस ठेवू नका. कक्षा पक्की होऊन नंबर मिळायला वर्षं जातात.

आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वलहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा होणार आहे. तिथे कामाला बाहेरचेच लोक यावेत असा काही नियम नाही. गणिताची वही काढा मंडळी. भेटू पुढच्या भागात.