राजगिरा: शेतातून बागेत

मागच्या वेळी आपण ‘उपयोग’ आणि ‘सौंदर्य’ या दोन कल्पना तपासल्या. आज तोच विचार एका झाडाच्या इतिहासातून पुढे नेऊ. झाड घरातलंच आहे, राजगिरा. एकादशीला आपण त्याचे लाडू खातो. युरोपातल्या बागांत मात्र त्याच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या शोभेसाठी लावल्या गेल्या. शेतातलं धान्य बागेतलं फूल कसं झालं, हा आपला प्रश्न.

सुरुवात मेक्सिकोपासून करू. धान्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या तिन्ही जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. अ‍ॅझ्टेक लोक त्याला ‘हुआउत्ली’ म्हणत. मका, घेवडा आणि चिया यांच्याबरोबर तो सम्राटाला खंडणीत जाई. सोळाव्या शतकातल्या ‘कोडेक्स मेंडोझा’ या चित्रपोथीत ही खंडणी नोंदली आहे. सणाला त्याच्या पिठात घायपाताच्या जातीच्या झाडाचा गोड रस मिसळून देवाची मूर्ती करायचे आणि नंतर तिचे तुकडे वाटून खायचे. १५२१ साली स्पॅनिशांनी राजधानी टेनोच्टिट्लान जिंकली. ख्रिस्ती धर्मोपदेशकांना या प्रथेत आपल्याच पवित्र भाकरीच्या विधीची विटंबना दिसली. पूजा मोडली आणि पुढे पीकही मागे पडत गेलं. पण बघा, संपलं नाही. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी मिळते. तिचं नाव ‘अलेग्रिया’, म्हणजे आनंद. आपल्या राजगिरा चिक्कीची सख्खी बहीणच म्हणा ना!

आता युरोपात येऊ. तिथे या कुळाला ‘अमॅरँथ’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ न कोमेजणारं. तुरा वाळला तरी रंग बराच टिकतो, म्हणून नाव शोभतं. अँडीज पर्वतातले लोक ‘किविचा’ म्हणून जे धान्य खातात, त्याच जातीचे लोंबते लाल तुरे इंग्रजांना इतके भावले, की तिला त्यांनी ‘लव्ह लाइज ब्लीडिंग’ म्हटलं. रक्त सांडत पडलेलं प्रेम! लिनिअसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिलं ‘कॉडेटस’, म्हणजे शेपटीवाली. नाव तुऱ्यावरून पडलं. दाण्याचा त्यात उल्लेख नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. रानटी राजगिऱ्याचं बी काळपट असतं. शेतकऱ्यांनी शेकडो पिढ्या निवड करून फिकट बी मिळवलं, कारण त्याच्या लाह्या चांगल्या फुलतात आणि चवही बरी लागते. बागेत हे कोणी पाहत नाही. तिथे निवड होते ती रंगाची.

म्हणजे दोष युरोपचा का? थांबा. आपण लाल माठाची भाजी खातो. त्याच जातीचे तिरंगी पानांचे प्रकार तिकडे कुंडीत मिरवतात. तो माठ त्यांना शोभेचा, आपल्याला जेवणाचा. आणि राजगिऱ्याला आपण ‘उपवासाचा’ ठरवून धान्यांच्या पंगतीतून उठवलं. ज्यांनी तो घडवला, त्या मेक्सिकोच्या शेतकऱ्यांची आठवण आपल्याही फराळात नाही. वर्गवारी आपण करतो, झाड करत नाही. आणि प्रत्येक वर्गवारीत कोणाचे तरी कष्ट नजरेआड होतात.

म्हणून एवढंच करू. बागेत राजगिरा लावलाच, तर तुरा लगेच कापायचा नाही. तो पिकू द्यायचा, तळहातावर चोळायचा आणि हलकेच फुंकर मारायची. कोंडा उडतो, दाणे उरतात. त्या दाण्यांचा रंग नीट बघायचा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.