पुठ्ठ्यावरचं संगीत आणि 'मूळ' नावाचा घोळ

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊया: 'मूळ' म्हणजे नेमकं काय? माझा विषय भौतिकशास्त्र, पण हा प्रश्न मला नीट कळला तो बेल्जियमच्या डान्स ऑर्गनमुळे.

डान्स ऑर्गन म्हणजे नाचघराची अख्खी भिंत व्यापणारं वाद्य. आत नळ्या, ढोल, झांजा. वाजवणारा मात्र कुणीच नाही. आपल्या पेटीसारखा भाता हवा पुरवतो आणि बोटांचं काम पुठ्ठा करतो. आधीचे यांत्रिक ऑर्गन खिळे ठोकलेल्या लाकडी रुळावर चालायचे. नवं गाणं हवं, की नवे खिळे ठोका. 1892 मध्ये पॅरिसच्या गाविओली कंपनीने घडीच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. भोक आलं की बारीक कळ वर उचलली जाते, झडप उघडते, सूर वाजतो. आता नवं गाणं म्हणजे फक्त नवा पुठ्ठा!

याच तंत्रावर अँटवर्पमध्ये मोर्टिएर आणि डेकाप (स्थापना 1902) यांचे कारखाने वाढले. नाचघरवाल्याला वादकांचा ताफा पोसावा लागत नव्हता. पण फॅशन बदलली की ऑर्गनही बदलायचा. 1920-30च्या दशकांत जुन्या ऑर्गनांवर अकॉर्डियन चढले, नक्षीदार दर्शनी भागांची जागा आर्ट डेकोने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यूकबॉक्स आला आणि बरेच ऑर्गन अडगळीत गेले.

आता असा एक ऑर्गन दुरुस्तीला आलाय असं समजा. तो कोणत्या सालचा करायचा? 1912चा, की 1935चा? पहिलं रूप हवं तर नंतरचा इतिहास खरवडून काढावा लागतो. म्हणून जाणकार आधी प्रत्येक थराची नोंद करतात. भात्याचं चामडं झिजतंच, ते बदलावं लागतं. पण चिकटवायला शक्यतो प्राणिज सरस वापरतात, कारण तो पुन्हा सोडवता येतो. नळी मात्र आजच्या पट्टीत आणायला कापली, की संपलं.

आणखी एक गंमत. भोकाची लांबी सुरांचा परस्पर कालावधी सांगते, लय नाही. लय पुठ्ठा किती वेगाने सरकतो यावर ठरते. म्हणजे पुठ्ठा शाबूत असला तरी माहिती अपुरीच. गुणोत्तर आहे, एकक नाही.

हे वाचताना मला माझं पहिलं वर्ष आठवलं. प्रयोगाचा डेटा 'स्वच्छ' करताना मी कच्च्या फाइलवरच सेव्ह केलं. तीन आठवड्यांनी कळलं, की मी गोंगाट समजून काढलेल्या भागातच खरा संकेत असावा. तपासायला काही उरलंच नव्हतं. मी नळी कापली होती.

तेव्हा आजच दोन गोष्टी करा: कच्चा डेटा वेगळा ठेवा आणि प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद करा. चामडं बदला, नळी कापू नका.