नेत्रभिंगाचें मोल

दुर्बिणीच्या इतिहासांत पुढच्या मोठ्या भिंगाचेंच कौतुक होतें. डोळ्याजवळचें नेत्रभिंग उपेक्षित राहतें. वस्तुतः आकाशाचा केवढा भाग एका वेळीं दिसावा, हें बहुतांशीं तेंच ठरवितें. १६०९ सालीं गॅलिलिओनें तेथें अंतर्गोल भिंग योजिलें. त्यांतून चंद्राचें सबंध बिंबहि एकदम दिसत नसे. केप्लरनें १६११ सालीं बहिर्गोल भिंग सुचविलें. पुढें हायगेन्सनें दोन भिंगांची जोडी बसविली, केल्नरनें १८४९ सालीं रंगदोष कमी केला, ॲबेनें १८८० सालीं प्रतिमेची विकृति जवळजवळ नाहींशी केली. पण दृष्टिक्षेत्र आंखूडच राहिलें. तें ८२ अंशांपर्यंत नेलें अमेरिकेच्या ॲल नॅगलरनें, १९८० च्या सुमारास.

हौशी निरीक्षकानें महाग नेत्रभिंग घेतांना हा इतिहास आठवावा. पैशानें वर्धनशक्ति वाढत नाहीं. हजार मिलिमीटर नाभ्यंतराच्या दुर्बिणीस दहा मिलिमीटरचें कोणतेंहि नेत्रभिंग शंभरपटच दाखवील. मात्र पन्नास अंशांच्या भिंगांत चंद्र जेमतेम मावेल. ब्याऐंशीच्या भिंगांत भोंवतालचें आकाशहि दिसेल. मोल पडतें तें त्या आकाशाचें. केवळ शनीचीं कडीं पाहावयाचीं असतील, तर साधें पण निर्दोष भिंग पुरे.