पंचवटीत परतलेला भवभूती

आवडत्या लेखकाने वाट बदलली की जुना वाचक आधी बावरतो आणि मग रागावतो. सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि दारा बुलंद ज्यांनी वाचनालयातून हावरटासारखे नेऊन वाचले, त्यांना ‘दुनियादारी’ हाती आल्यावर हे आपलेच ‘सुशि’ का, असा प्रश्न पडणे साहजिक होते. उलट ‘दुनियादारी’च्या वाटेने त्यांच्याकडे आलेल्या वाचकाला मागच्या रहस्यकथांकडे वळायची गरज वाटेलच असे नाही. प्रेम आणि रहस्य यांची वीण घालणाऱ्या लेखकाच्या वाट्याला हे हमखास येते. त्याचा वाचक ‘पुढे काय होणार’ या ओढीने बांधलेला असतो, आणि ती ओढ सैल पडली की आपल्याला फसवले असे त्याला वाटते. हा तंटा छापखान्याबरोबर आला असे मात्र नाही. आठव्या शतकातल्या एका वैदर्भीय नाटककाराभोवती तो उभा राहिलेला दिसतो, आणि त्याच्या मध्यभागी जी जागा आहे ती गोदाकाठची पंचवटी. भवभूतीने आपल्या जुन्या रसिकांना पंचवटीत आणून नेमके काय केले, हे नीट पाहिले तर नव्या लेखनावरची नाराजी आणि नवे लेखन यांचे नाते वेगळेच दिसू लागते.

भवभूती आपली ओळख स्वतःच नाटकांच्या प्रस्तावनेत देतो: दक्षिणापथातले पद्मपूर हे गाव, काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे पदमपूर, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी दाखवले. त्याची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली, म्हणजे समोर दरबारातल्या निवडक मंडळींबरोबर जत्रेचा समुदायही असणार. या समुदायाला त्याने आधी काय दिले, ते ‘मालतीमाधव’ या दहा अंकी प्रकरणात दिसते. विदर्भातल्या कुंडिनपुराहून पद्मावतीला शिकायला आलेला माधव, अमात्य भूरिवसूची मुलगी मालती, तिला आपल्या मर्जीतल्या नंदनाला देऊ पाहणारा राजा, आणि दोन प्रेमिकांची गाठ घालण्यासाठी गुपचूप सूत्रे हलवणारी बौद्ध परिव्राजिका कामंदकी. स्मशानात मध्यरात्री माधव मांस विकायला उभा असतो. तेव्हाच कापालिक अघोरघंट चामुंडेपुढे मालतीचा बळी द्यायला निघालेला असतो. ती वाचते, पण अघोरघंटाची शिष्या कपालकुंडला सूड म्हणून तिला पुन्हा पळवते. दरम्यान माधवाचा मित्र मकरंद मालतीच्या वेषात नंदनाची ‘नवरी’ होऊन बसलेला असतो. यापेक्षा भरगच्च रहस्यमय प्रेमकथा आजच्या लेखकालाही जमवायला जड जाईल.

रामकथा हाती घेतली तेव्हाही त्याची ही सवय सुटली नव्हती. ‘महावीरचरित’ात रावणाचा मंत्री माल्यवान पडद्याआडून डाव टाकत राहतो, शूर्पणखा मंथरेचे रूप घेऊन मिथिलेत रामापुढे येते, आणि वनवाससुद्धा एका कटाचा भाग होतो. ज्या कथेचा शेवट जत्रेतल्या पोरालाही ठाऊक, तिच्यातही कारस्थान पेरून उत्कंठा निर्माण करायची, हे भवभूतीचे त्या काळातले कसब. म्हणूनच ‘उत्तररामचरित’ाकडे आल्यावर जाणवणारा फरक मोठा आहे. सात अंकांच्या या नाटकात खलनायकच नाही. अघोरघंट नाही, माल्यवान नाही. दुर्मुख येतो, पण तो केवळ लोकांत काय बोलले जाते ते सांगणारा हेर. कुणी कुणाला पळवत नाही. गर्भवती सीतेला रामच सोडतो आणि पुढची बारा वर्षे स्वतःलाच दोष देत जगतो. हे नाटक सर्वांत शेवटचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लेखणी परिपक्व झाली होती आणि तिला आता वेगळे काही हवे होते.

ते वेगळे काय, हे तिसऱ्या अंकात उलगडते, आणि तो अंक पंचवटीत घडतो. राम जनस्थानात येतो. इथेच पर्णकुटी होती, इथेच शूर्पणखा आली, सोन्याचा मृग दिसला, सीता गेली. पहिल्या अंकात लक्ष्मणाने दाखवलेल्या चित्रांत या जागा पाहून सीता दचकली होती. आता राम त्या जागांवर प्रत्यक्ष उभा आहे. त्याच दिवशी कुश-लवांचे बारावे वर्ष सरले आहे आणि भागीरथीने सीतेला तमसा नदीच्या सोबतीने पंचवटीत पाठवले आहे, कुणाला दिसणार नाही असा वर देऊन. सीतेने वाढवलेला हत्तीचा छावा मोठा झाला आहे, तिने टाळ्या वाजवून नाचवलेला मोर कदंबावर बसला आहे, वनदेवता वासंती रामाला एकेक जागा दाखवते आहे. राम मूर्च्छित होतो, अदृश्य सीता त्याला स्पर्श करते, तो शुद्धीवर येतो आणि तो स्पर्श ओळखूनही भास समजतो. प्रेक्षकाला सगळे दिसते. रामाला काहीच दिसत नाही. पुढे काय होणार, या प्रश्नाची जागा ‘याला कळेल का, आणि तिला क्षमा करता येईल का’ या प्रश्नाने घेतली आहे. भवभूतीने उत्कंठा टाकून दिली असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. त्याने ती कटकारस्थानातून काढून दोन माणसांमधल्या अंतरात ठेवली. अश्वमेधासाठी रामाला सहधर्मचारिणी आहे, हे कानावर पडताच सीतेचा जो थरकाप होतो, आणि ती सीतेचीच सुवर्णप्रतिमा आहे हे कळल्यावर जे घडते, ते कापालिकाच्या तलवारीपेक्षा कमी थरारक नाही.

यासाठी पंचवटीच का हवी होती, हेही लक्षात घ्यावे. पाच वडांचे हे स्थान रामकथेतल्या सुखाचे शेवटचे घर आहे आणि दुःखाचे पहिले दार. रहस्यकथाकाराला नवी, अनोळखी जागा लागते, कारण अंधारात काय आहे ते वाचकाला ठाऊक नसावे लागते. आठवणीचे नाटक लिहिणाऱ्याला मात्र अशी जागा हवी की जिथले प्रत्येक झाड श्रोत्याच्या ओळखीचे आहे. नाशिकच्या गोदेच्या डाव्या तीरावरची आजची पंचवटी हीच भवभूतीच्या मनातली पंचवटी, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. त्याच्या नाटकात तिच्या शेजारी प्रस्रवण पर्वत आहे, दंडकारण्य आहे, मुरला नदी बोलते आहे. पण सीतागुंफेपाशी थांबणाऱ्या यात्रेकरूचा अनुभव आणि त्या अंकातल्या रामाचा अनुभव यांची जात एक आहे: जे घडून गेले ते माहीत असूनही ती जागा पाहायला यायचे.

रसिकांचे मत मात्र एकमुखी राहिले नाही. त्याचा समकालीन वाक्पतिराज याने ‘गउडवहो’ या महाराष्ट्री प्राकृतातल्या काव्यात भवभूतीला समुद्र मानले आणि आपल्या लेखनात त्याच्याच अमृताचे तुषार चमकतात असे कृतज्ञतेने सांगितले. राजशेखराने वाल्मीकी, भर्तृमेंठ, भवभूती आणि स्वतः अशी एकच परंपरा लावली. बाराव्या शतकातल्या गोवर्धनाने त्याच्या करुणेपुढे दगडालाही रडू फुटते या अर्थाची आर्या लिहिली. दुसरीकडे नाट्यशास्त्रकारांना दाखले हवे असत तेव्हा त्यांना ‘मालतीमाधव’ही तितकेच उपयोगी पडे, कारण तिथे संविधानक आहे, पात्रांची वर्दळ आहे, प्रकरणाचा साचा आहे. ‘उत्तररामचरित’ हे नाटक कमी आणि काव्य जास्त, हा आक्षेप आधुनिक टीकाकारांनीही वारंवार घेतला. विदूषक नाही, हसू जवळजवळ नाही, समास लांबलचक, नायक पुनःपुन्हा मूर्च्छित पडतो. त्याची आधीची नाटके वाचलेल्यांना आणखी एक गोष्ट खुपते: काही श्लोक त्याने एका नाटकातून उचलून दुसऱ्यात जसेच्या तसे ठेवले आहेत. मालती हरवल्यावर माधवाने केलेला विलाप ज्याने ऐकला आहे, त्याला रामाचा शोक ओळखीचा वाटल्याशिवाय राहत नाही.

यातले काही आक्षेप मान्य करावेत. समासांचा भार खरा आहे, आणि तिसऱ्या अंकातल्या मूर्च्छा दोन कमी झाल्या असत्या तर बिघडले नसते. पण ‘हे नाटकच नाही’ हा आक्षेप टिकत नाही. प्रेक्षकाला जे दिसते ते नायकाला दिसत नाही, यापेक्षा अधिक नाट्य रंगभूमीवर कोणते? नुसत्या काव्याला ते साधत नाही, त्याला दोन देह एका जागी उभे असावे लागतात. श्लोकांच्या पुनरुक्तीतही मला आळस दिसत नाही. जो शोक माधवाच्या तोंडी वळणावळणाच्या कथेतला एक थांबा होता, तोच रामाच्या तोंडी कथेचा गाभा होतो, कारण रामाच्या शोकामागे त्याचे स्वतःचे कृत्य उभे आहे.

एक आक्षेप मात्र कलेच्या मापाने मोजता येत नाही. राम पंचवटीत येतो तो शंबूकाचा वध करून. शूद्र असून तप करतो म्हणून त्याला मारायचे, ही ती घटना. भवभूतीने शंबूकाला मृत्यूनंतर दिव्य रूप दिले आणि त्यालाच दंडकारण्याची वाट दाखवणारा केला. त्याने अन्याय झाकला जातो, मिटत नाही. ज्या पंचवटीत 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला, त्या पंचवटीत हे नाटक वाचताना शंबूकावरून नजर पुढे सरकवता येणार नाही. 1936च्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या आपल्या प्रबंधात आंबेडकरांनी शंबूकाचा वध हा वर्णव्यवस्थेचाच अटळ परिणाम म्हणून मांडला. तो आक्षेप उभाच राहतो. तरी भवभूतीने एक गोष्ट लपवली नाही, हे नोंदवायला हवे. वार करण्यापूर्वी राम आपल्या उजव्या हाताला उद्देशून म्हणतो की गर्भभाराने थकलेल्या सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू हात, तुला करुणा कुठून असणार. शंबूकाचा वध आणि सीतेचा त्याग एकाच हाताने झाले, हे नाटक रामाच्याच तोंडून सांगते. या वाक्यातून पुढचा प्रश्न विचारायचे धैर्य त्याने दाखवले नाही. पण वाक्य त्याने लिहिले.

आता रसिकांच्या नाराजीकडे परत येऊ. ‘मालतीमाधव’ाच्या प्रस्तावनेत भवभूतीने आपली अवज्ञा करणाऱ्यांना सरळ उत्तर दिले होते: हा प्रयत्न त्यांच्यासाठी नाहीच, काळ अनंत आहे, पृथ्वी विशाल आहे, आपल्यासारखा कुणीतरी कधीतरी जन्माला येईल. हे दुखावलेल्या आणि ताठ लेखकाचे बोलणे आहे. ‘उत्तररामचरित’ाच्या प्रस्तावनेत सूत्रधार हाच विषय पुन्हा काढतो, पण तिथे एक नवी जोडणी येते. स्त्रियांच्या चारित्र्याबाबत लोक जसे दुष्टपणे बोलतात तसेच ते वाणीच्या चांगलेपणाबाबतही बोलतात, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. या एका तुलनेने सीता आणि नाटक एकाच पंगतीला बसतात. लोकापवाद ही या नाटकाची कथाही आहे आणि नाटककाराची तक्रारही. वासंती रामाला विचारते की असे का केलेस, तेव्हा तो एवढेच सांगतो की लोकांना सोसत नव्हते. जो लेखक आपल्यावरच्या टीकेने पोळला होता त्याने लोकांच्या बोलण्याला घाबरणाऱ्या राजाचे नाटक लिहिले, आणि ते लिहिताना त्या राजाला सोडले नाही.

म्हणूनच सातव्या अंकाचा सुखान्त हा वाल्मीकींशी केलेला बेइमानपणा आहे, हा आक्षेप मला अपुरा वाटतो. तिथे वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा गंगाकाठी सादर करतात आणि राम, लक्ष्मण, अयोध्येचे नागरिक समोर प्रेक्षक म्हणून बसलेले असतात. आतल्या नाटकात पृथ्वी सीतेला पोटाशी घेते, राम मूर्च्छित पडतो, लक्ष्मण ओरडतो. मग अरुंधती खरी सीता घेऊन पुढे येते. ती तिला सरळ रामाच्या हाती देत नाही. आधी ती जमलेल्या पौर-जानपदांकडे वळते आणि विचारते की या सीतेबद्दल तुमचे म्हणणे काय. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या कुजबुजीवर सगळे मोडले, त्याच प्रेक्षकांनी आता नाटक पाहून उत्तर द्यायचे आहे, आणि ते सीतेला वंदन करतात.