टेलिकन्व्हर्टर लावला की लेन्सची पोहोच वाढते, पण हातचं काय जातं?

भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये फ्लेमिंगो दिसतात, पण ४०० मिमीपर्यंत झूम करूनही फोटोत ते हरभऱ्याएवढेच येतात. होडी आणखी जवळ न्यावी तर थवा उडून जातो. मग कुणीतरी सुचवतं, "टेलिकन्व्हर्टर घे."

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा, आत भिंगं असलेला छोटा जोड. लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग तो मोठा करतो. १.४ एक्सचा लावला तर १००-४०० मिमीची लेन्स १४०-५६० मिमीची होते, २ एक्सने २००-८००. (साधारण तशीच दिसणारी एक्स्टेन्शन ट्यूब वेगळी. तिच्यात काच नसते आणि ती मॅक्रोसाठी असते.)

प्रकाश किती कमी होतो?

१.४ एक्समुळे एक स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्मा. २ एक्समुळे दोन स्टॉप, म्हणजे पाव. समजा, १५०-६०० मिमीच्या लेन्सवर ६०० मिमीला एफ/६.३, शटर १/१००० आणि आयएसओ १६०० आहे. १.४ एक्स लावल्यावर अपर्चर एफ/९ होतं आणि तेच शटर ठेवायचं तर आयएसओ ३२०० लागतो. २ एक्सवर एफ/१३ आणि ६४००. भर दुपारी हे चालून जातं. ताडोबात पहाटेच्या सफारीला, बांबूच्या सावलीत वाघ उभा असताना फोटोत नुसते दाणे दिसू लागतात.

ऑटोफोकसचंही तेच. जुने अनेक डीएसएलआर एफ/५.६ च्या पुढे फोकस करत नाहीत. काही एफ/८ पर्यंत करतात, तेही बऱ्याचदा फक्त मधल्या बिंदूवर. मिररलेस कॅमेरे एफ/११ लाही फोकस करतात, पण कमी उजेडात चाचपडतात.

कन्व्हर्टरची पुढची काच बाहेर आलेली असते, त्यामुळे तो प्रत्येक झूम लेन्सला बसत नाही. कंपनीची यादी बघूनच घ्या. बसला तरी अटी असू शकतात. कॅननच्या आरएफ १००-५०० मिमीवर कन्व्हर्टर असताना झूम ३०० मिमीच्या मागे येत नाही, म्हणजे १.४ एक्ससोबत मिळतात फक्त ४२०-७०० मिमी. वाघ चालत जिप्सीजवळ आला तर? कन्व्हर्टर काढावा लागणार, तोही मे महिन्याच्या धुळीत, उघड्या सेन्सरसह.

लेन्सचे दोषही कन्व्हर्टर मोठे करतो. त्यामुळे एफ/६.३ च्या झूमवर २ एक्स लावण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. १.४ एक्ससुद्धा आधी भाड्याने आणून पाहा. ट्रायपॉडवरून लांबच्या दुकानाच्या पाटीचा एक फोटो कन्व्हर्टर लावून काढा, एक न लावता. दुसरा क्रॉप करून पहिल्याएवढा करा. पाटीवरची बारीक अक्षरं दोन्हींत सारखीच वाचता येत असतील, तर पैसे वाचवा.

ही चाचणी सकाळी करा. उन्हाळ्यात अकरानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचं काहीच धारदार येत नाही. त्यावर कुठल्याच कन्व्हर्टरकडे उपाय नाही.