येरवड्याच्या सावलीतले मैदान : घाट, पाऊस आणि लहान विमानांची विद्या

मुंबईहून पुण्याकडे येणारा लोहमार्ग बोरघाट चढून लोणावळा, तळेगाव, चिंचवड असा उतरत येतो आणि दापोडीजवळ मुळा ओलांडून खडकीत शिरतो. याच ठिकाणी पवना मुळेला मिळते, आणि पुढे हे पाणी बोपोडी-खडकीला वळसा घालून मुठेच्या संगमाकडे व तेथून येरवड्याकडे जाते. 1828 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी कॅप्टन फोर्ड यांच्याकडून विकत घेतलेला दापोडीचा बंगला व त्याभोवतीची वनस्पतिबाग, 1858 साली सुरू झालेली रेल्वे आणि 1948 साली रुरकीहून येथे आलेले लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, एवढ्या गोष्टी या गावाच्या इतिहासात नेहमी सांगितल्या जातात. दापोडीपासून सरळ रेषेत अवघ्या सहा-सात किलोमीटरांवर, येरवडा तुरुंगाच्या भिंतींलगतच्या एका मैदानावर, टाटांच्या कराची-मद्रास टपाल-विमानसेवेने आपले पावसाळे काढले, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या काळच्या लहान विमानाला हे अंतर कापण्यास दोन-अडीच मिनिटे पुरत. घाट ओलांडून आलेल्या वैमानिकाला रूळ, नद्यांचा संगम आणि मग तुरुंगाचा दगडी कोट अशा ठळक खुणा या टापूने दिल्या असणार, हे नकाशावर नजर टाकली तरी पटते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या जुहू येथे उतरले. तेथून पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेण्याचे काम नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केले. व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक असून या सेवेची मूळ कल्पना त्यांचीच होती. जे. आर. डी. यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मिळालेला वैमानिकाचा परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला परवाना मानला जातो. या सेवेसाठी वापरलेले विमान डी हॅविलंड कंपनीचे ‘पस मॉथ’ होते. एकच इंजिन, सुमारे 120 अश्वशक्ती, वैमानिकासह जेमतेम दोन-तीन माणसांची जागा, डोक्यावरून जाणारे पंख आणि त्या पंखांना खालून आधार देणारे तिरपे दांडे, अशी त्याची रचना होती. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांचा लाकडी, आणि दोहोंवर ताणून बसवलेले कापड. म्हणजे माणूस आणि आभाळ यांच्यामध्ये एका रंगवलेल्या कापडाइतकेच अंतर असे. रेडिओ नव्हता, जमिनीवरून दिशा दाखवणारे कोणतेही साधन नव्हते. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून येत.

जुहूचे मैदान समुद्रसपाटीला असल्यामुळे पावसाळ्यात ते चिखलात आणि पाण्यात बुडून जाई. त्यामुळे पाऊस सुरू झाला की सगळा संसार गुंडाळून पुण्याला यावे लागे. हा संसार म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. येरवडा तुरुंगाच्या सावलीत एक मैदान उतरण्यासाठी वापरू देण्यात आले होते, असे जे. आर. डी. यांनी पुढे आपल्या आठवणींत आवर्जून सांगितले आहे. या तुरुंगात 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला होता आणि त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी पहिले टपाल-विमान कराचीहून उडाले होते. इतिहासाचे इतके वेगळे दोन प्रवाह एका भिंतीच्या आतबाहेर इतक्या जवळ आले, तरी त्यांची नोंद एकत्र घेतली जात नाही.

पुणेच का, याचे उत्तर भूगोलात आहे. नैऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकतो, डोंगराच्या भिंतीमुळे वर चढतो, थंड होतो आणि आपले बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावर टाकतो. घाट ओलांडून पूर्वेकडे उतरणारी हवा कोरडी होत जाते, आणि डोंगरामागच्या या कमी पावसाच्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून साठ-पासष्ट किलोमीटरांवरील पुण्याला सातशेच्या आसपास. चिंचवड-दापोडीच्या शेतकऱ्याला जी गोष्ट वाऱ्यात आणि वापशात पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती, तीच वैमानिकाच्या उपयोगाला आली : मैदान चिखल होत नाही, आणि ढग जमिनीला टेकत नाहीत.

परंतु मैदान कोरडे मिळाले तरी वाटेत घाट उभाच होता. लहान विमानातील भीती म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण या भीतीला अंगावर काटा येण्यापलीकडे एक भौतिक आशय आहे. पश्चिमेकडून येणारा जोरकस वारा डोंगराच्या तोंडावर वर चढतो, आणि माथा ओलांडला की पाठीमागच्या उतारावरून पाण्यासारखा खाली ओततो. पुण्याहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला हा खाली ओढणारा प्रवाह नेमका माथा पार करण्याच्या आधी, म्हणजे उंचीची सर्वाधिक गरज असताना, गाठतो. त्यातच समोरून येणाऱ्या वाऱ्याने जमिनीवरचा वेग घटलेला असतो, त्यामुळे त्या खेचणाऱ्या पट्ट्यात अधिक वेळ काढावा लागतो. म्हणूनच डोंगराळ मुलखात उडणाऱ्यांमध्ये असा दंडक आहे की कड्याकडे काटकोनात न जाता तिरपे जावे, म्हणजे उंची अपुरी पडते आहे असे दिसताच थोडक्या वळणात दरीकडे परत फिरता येते. ढगात शिरलेल्या वैमानिकाची अडचण याहून खोल आहे. क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय काही क्षणांतच फसते, विमान एका बाजूला झुकून घसरत असतानाही शरीराला ते सरळ चालल्यासारखे वाटते, आणि अशा वेळी स्वतःच्या जाणिवेपेक्षा समोरच्या काट्यावर विश्वास ठेवणे हे शिकावेच लागते. त्या काळी असे काटे मोजकेच होते. घाटात ढग उतरला असेल तर परत फिरणे एवढाच शहाणा मार्ग असे.

पस मॉथच्या बाबतीत या भीतीला आणखी एक कारण होते. 1930 नंतरच्या तीन वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत या जातीची अनेक विमाने हवेतच पंख तुटून कोसळली. तपासाअंती असे निष्पन्न झाले की अतिवेगात किंवा खवळलेल्या हवेच्या हिसक्यांत पंखाला आधार देणारा पुढचा दांडा वाकू शकतो. त्यावर उपाय म्हणून त्या दांड्याला एक लहानसा जोडआधार बसवण्यात आला. कराची-मद्रास सेवा सुरू झाली ती याच तपासाच्या काळात, आणि घाटावरची पावसाळी हवा तर हिसक्यांसाठीच प्रसिद्ध. अशा विमानात बसणारा माणूस खिडकीतून दिसणाऱ्या त्या दांड्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना करता येते.

असे असूनही या सेवेचा पहिल्या वर्षाचा हिशेब थक्क करणारा आहे. 1933 या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी सुमारे 1,60,000 मैलांचा प्रवास केला, 155 प्रवासी आणि 10 टनांहून अधिक टपाल नेले. सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याने आपल्या अहवालात, ऐन पावसाळ्यात पश्चिम घाटाचा टप्पा अधिक धोक्याचा झालेला असतानाही टपाल एकदाही चुकले नाही आणि वक्तशीरपणा शंभर टक्के राहिला, असे गौरवाने नोंदवले. या यशाचे श्रेय नेहमी धाडसाला दिले जाते, आणि धाडस होतेच. तथापि वस्तुस्थिती पाहता ते अधिक रास्तपणे तयारीला द्यायला हवे. पावसाशी झुंज घेण्याऐवजी पावसाळ्यापुरते ठिकाण बदलणे, हा भीतीचा मान राखून घेतलेला निर्णय होता. 1930 साली इंग्लंड-भारत एकट्याने उड्डाण करण्यासाठी आगाखान यांनी लावलेल्या बक्षिसाच्या स्पर्धेतही हीच गोष्ट दिसते : इजिप्तमध्ये स्पार्क प्लगअभावी अडकलेल्या अस्पी इंजिनियर यांना प्रतिस्पर्धी जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचे जादा प्लग दिले, इंजिनियर यांनी बक्षीस जिंकले, आणि तेच अस्पी इंजिनियर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. एवढ्याशा प्लगवर एका इंजिनाचे, म्हणजे एका जिवाचे भवितव्य अवलंबून असते, हे त्या पिढीला पाठ होते.

1939 साली लोहगावला लष्करी विमानतळ झाला आणि येरवड्याच्या मैदानाची गरज उरली नाही. तरीही पुण्याचा लहान विमानांशी असलेला संबंध तुटला नाही; तो अधिक साध्या आणि अधिक जुन्या रूपात हडपसरला पुन्हा फुलला. स्वातंत्र्यानंतर नागरी विमान वाहतूक खात्याने तेथे ग्लायडिंग केंद्र चालवले. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान : लांब पंख, हलके धड, आणि हवेतच शोधून काढायची शक्ती. खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेल्या भारतीय ग्लायडरांना नक्षत्रांच्या क्रमाने नावे देण्यात आली : अश्विनी (1958), भरणी, कार्तिक (1963), रोहिणी (1961), मृगशीर (1970) आणि आर्द्रा (1979). पंचांग जाणणाऱ्या मराठी वाचकाला हा क्रम ओळखायला वेळ लागणार नाही. लाकडी बांधणीच्या रोहिणीत शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत, आणि देशातील असंख्य तरुणांनी उड्डाणाचा पहिला धडा याच आसनावर घेतला. इंजिनाच्या बाजूनेही याच काळात एका मराठी माणसाचे काम उभे राहत होते. कोल्हापूर परिसरातील डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला होता, आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी आखलेले ‘एचटी-2’ हे प्रशिक्षण विमान 1951 साली, तर दोन आसनी ‘पुष्पक’ 1958 साली उडाले. फ्लाइंग क्लबांमधून वर्षानुवर्षे वापरले गेलेले विमान ते हे पुष्पकच.

हडपसरच्या उड्डाणाचे स्वरूप जवळून पाहिले की थरार आणि भीती एकाच दोरीची दोन टोके कशी असतात ते कळते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे दोर गुंडाळणारे यंत्र, उभे असते. त्याचा पोलादी दोर ग्लायडरच्या आकड्यात अडकवतात, इशारा मिळताच दोर खेचला जातो आणि काही सेकंदांत ग्लायडर नाक वर करून पतंगासारखा चढू लागतो. नेमक्या याच क्षणी दोर तुटला तर काय करायचे, हे शिक्षक पहिल्याच दिवसापासून घोकून घेतात : विलंब न लावता नाक खाली. कारण नाक वर राहिले तर वेग घटतो, पंखावरची हवा सुटते आणि पंख उचलणे थांबवतो. या अवस्थेला स्टॉल म्हणतात, आणि त्यात एक पंख आधी पडला की ग्लायडर भोवऱ्यासारखा गरगरत खाली येतो. जमिनीजवळ वाटणारी भीती माणसाला नाक वर ओढायला सांगते, आणि विद्या सांगते की ते खाली ढकल. उड्डाण शिकणे म्हणजे बहुतांशी हा उलटा हिशेब हाताच्या अंगवळणी पाडणे होय.

दोर सुटल्यावर मात्र एक वेगळेच जग सुरू होते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभाला थर्मल म्हणतात. चैत्र-वैशाखात ही हवा जोरावर असते, आणि घारी जेथे पंख न हलवता घिरट्या घालतात तेथे ती हमखास सापडते. समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवलेला बोटभर लोकरीचा धागा वैमानिकाला विमान तिरके घसरते आहे की नाही हे सांगतो. त्याची किंमत काही पैशांची, आणि त्याहून खरा सोबती त्या खोपट्यात दुसरा नाही. धागा सरळ ठेवून, घारीच्या मागोमाग वळत वर जाताना कानात इंजिनाचा आवाज नसतो, फक्त वाऱ्याची सळसळ असते, आणि त्या सळसळीचा सूर उतरला की वेग कमी झाल्याचे काट्याआधी कानाला कळते.

या विद्येचा लेखी इतिहास फार थोडा आहे, कारण तिची खरी कागदपत्रे घराघरांत पडून आहेत. प्रत्येक वैमानिक आपल्या उड्डाणाची तारीख, विमान, वेळ आणि उतरण्याचे ठिकाण एका वहीत लिहितो. तिला लॉगबुक म्हणतात. पुणे, खडकी, दापोडी, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात हडपसरला रोहिणीवर शिकलेली, किंवा फ्लाइंग क्लबांत पुष्पक उडवलेली माणसे आणि ग्लायडरांचे लाकूडकाम-कापडकाम केलेले कारागीर ज्या घरांत असतील, त्या घरांनी या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत, आणि शक्य असेल तेथे त्या स्थानिक ग्रंथालयांकडे किंवा इतिहास मंडळांकडे प्रत काढण्यासाठी सोपवाव्यात, ही कळकळीची विनंती आहे.